चंचल मुले, पालक आणि पडद्यावरील उपचार : एक अभ्यास

शिक्षणाचे महत्त्व मंडळाच्या सभासदांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन आपणांस शाळेत घातले, म्हणूनच आज आपल्यापैकी कोणी कचेरीत, कोणी शाळेत, तर कोणी दवाखान्यात काम करीत आहेत. आपली मुले आपल्याही पुढे जावीत ही आपली तळमळ खरी आहे. परंतु मुलाला शाळेत घातले, वह्या-पुस्तके घेतली, शिकवणी लावली आणि तरीही तो वर्गात स्वस्थ बसू शकत नाही, सांगितलेले त्याच्या ध्यानात राहत नाही, असे जेव्हा घडते तेव्हा आपण काय करतो ? बहुतेक वेळा आपण त्याला 'वांड', 'ढ' किंवा 'आळशी' म्हणतो आणि हात उगारतो. आम्हीही तेच केले. त्याची हकीकत पुढे येईलच.

प्रस्तुत लेखात अशा मुलांविषयी, विशेषतः एडीएचडी या स्थितीविषयी आणि तिच्यासाठी मोबाईल किंवा संगणकाच्या पडद्यावरून, म्हणजेच ऑनलाईन पद्धतीने मिळणाऱ्या उपचारांविषयी माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहोत आणि आमचे शिक्षण कला शाखेचे. तथापि गेली काही वर्षे घरच्या गरजेपोटी या विषयावर जे वाचले, तज्ज्ञांना विचारून घेतले आणि स्वतः अनुभवले ते सभासद बंधू-भगिनींच्या आणि विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखनामागील हेतू आहे.

एडीएचडी म्हणजे काय ?

'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन एडीएचडी हा शब्द बनला आहे. मराठीत त्याला 'अवधानाची कमतरता व अतिचंचलता' असे म्हणता येईल. या स्थितीचे तीन प्रकार मानले जातात.

(१) लक्ष न टिकणे : असे मूल गृहपाठ अर्धवट सोडते, कंपासपेटी व डबा विसरते, समोर बोलत असलेल्याचे ऐकत नाही असे वाटते, सोप्या गणितात चिन्ह चुकविते.

(२) अतिचंचलता व उतावळेपणा : असे मूल जागेवरून सारखे उठते, हातपाय हलविते, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देते, रांगेत थांबू शकत नाही.

(३) वरील दोन्ही लक्षणे एकत्र असणे.

ही लक्षणे थोडीबहुत सर्वच मुलांत दिसतात. म्हणून निदानाचे नियम ठरलेले आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या नियमपुस्तिकेनुसार (डीएसएम-५) एखाद्या गटातील नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात. काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीची असावी लागतात, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात आणि त्यामुळे मुलाच्या शिक्षणात किंवा वागण्यात खरोखर अडथळा येत असावा लागतो. केवळ पाहुण्यांसमोर धिंगाणा घालणारे मूल एडीएचडीचे ठरत नाही. उलट वर्गाच्या मागच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी एडीएचडीची असू शकते. मुलींमध्ये चंचलता कमी व लक्ष न टिकणे अधिक असे पुष्कळदा असते. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही, ही बाब पालकांनी व शिक्षकांनी ध्यानात ठेवावी.

जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला असता शंभरातील सुमारे पाच मुलांमध्ये ही स्थिती आढळते. साठ मुलांच्या वर्गात सरासरीने तीन मुले अशी असू शकतात.

पूर्वेतिहास आणि गैरसमज

हे मोबाईलच्या काळातील नवे खूळ आहे असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. अलेक्झांडर क्रायटन या डॉक्टरांनी १७९८ साली लक्ष न टिकण्याच्या विकाराचे वर्णन केले होते. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांची माहिती सांगितली. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ साली अमेरिकेत या मुलांवर औषधाचा गुण येतो असे दाखविले. आज प्रचलित असलेले नाव १९८७ साली रूढ झाले.

दुसरा गैरसमज असा की, आईवडिलांच्या लाडामुळे मूल असे होते. वस्तुतः ही स्थिती मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. काही वेळा मुलाचे निदान होत असताना वडिलांना स्वतःचे बालपण आठवते. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली मेंदूच्या छायाचित्रांवरून असे दाखविले की, मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास जेथे पोहोचते, तेथे ती या मुलांमध्ये साडेदहा वर्षांच्या सुमारास पोहोचते. म्हणजे वाढीचा क्रम तोच, पण तीन वर्षे उशिरा. त्यातही लक्ष देणे व स्वतःला आवरणे ही कामे करणाऱ्या भागांत हा उशीर सर्वांत अधिक होता. ही माहिती वाचली तेव्हा आमच्या मनावर मोठा परिणाम झाला. आठ वर्षांच्या मुलाकडून आठ वर्षांच्या मुलाइतका संयम मागणे ही आमचीच चूक होती, हे आमच्या ध्यानात आले.

तिसरा गैरसमज, मार दिल्याने मूल सुधारते. मारामुळे मूल तेवढ्यापुरते थांबते, परंतु लक्ष देण्याची शक्ती त्यातून येत नाही. येते ती भीती आणि खोटे बोलण्याची सवय.

एडीएचडीबरोबरच स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, तसेच वाचन, लेखन वा गणित यांतील विशिष्ट अध्ययन अक्षमता या स्थितीही आढळतात. २००७ सालच्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे यांपैकी वाचनाच्या अडचणीची ओळख घरोघरी झाली. अशा सर्व मुलांना अलीकडे 'न्यूरोडायव्हर्जंट', म्हणजे मेंदूची घडण निराळी असलेली मुले, असे म्हणतात. एकाच मुलात दोन स्थिती एकत्रही असू शकतात. म्हणून तपासणी नीट होणे महत्त्वाचे असते.

उपचार कशाला म्हणावे ?

एडीएचडी पूर्ण 'बरा' करणारी गोळी नाही. औषधे आहेत व ती योग्य देखरेखीखाली पुष्कळ मुलांना उपयोगी पडतात. त्यांच्या जोडीला वर्तन-उपचार असतो. त्यात मुलाच्या भोवतीची माणसे, वेळापत्रक आणि बोलण्याची पद्धत बदलून त्याला चांगल्या वागण्याची सवय लावली जाते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपचार सांगितला आहे. त्यापुढील वयात औषध आणि वर्तन-उपचार या दोहोंची शिफारस आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लहान मुलाच्या बाबतीत वर्तन-उपचाराचा पहिला विद्यार्थी पालक असतो. तज्ज्ञ आठवड्यातून एक तास भेटतात. उरलेला सगळा आठवडा मूल घरच्यांबरोबर असते. ऑनलाईन उपचाराचे यश आणि अपयश दोन्ही या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

पडद्यावरचा उपचार कसा आला ?

दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देणे पूर्वीही होते. परंतु आपल्या देशात त्याचे स्पष्ट नियम केंद्र शासनाने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केले. कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली तोच हा दिवस. उपचार केंद्रे बंद झाली, मुले घरात अडकली आणि तज्ज्ञांनी व्हिडिओवरून पालकांना मार्गदर्शन करण्यास सुरुवात केली. साथ ओसरल्यावरही ही पद्धत टिकली. त्याचे कारण तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. बालमानसतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. मुले मात्र सर्वत्र आहेत.

आमचा अनुभव

आमची नेमणूक विदर्भातील एका तालुक्याच्या गावी असताना टाळेबंदी लागली. मुलगा तेव्हा तिसरीत होता. शाळा मोबाईलवर भरू लागली. तो कॅमेरा बंद करून निघून जाई. पाढे येत असूनही गणिते चुकवी. शाळेतून तक्रार आली की आम्ही रागावत असू आणि रागाच्या भरात मारतही असू. शाळा उघडल्यानंतर तक्रारी वाढल्या. अखेर एके दिवशी आम्हांला बोलावून, 'हा मुलगा आमच्याकडे चालणार नाही, दाखला काढून न्या,' असे सुचविण्यात आले. त्या रात्री मुलाने आईला विचारले, "आई, मी वाईट आहे का ?" घरात कोणीच जेवले नाही.

एका सहकाऱ्याने सांगितल्यावरून नागपूरला एका बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांना दाखविले. त्यांनी मुलाला समोर बसवून तपासले, डोळे व कान तपासून घेतले, आम्हांला आणि वर्गशिक्षिकेला वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरण्यास दिल्या आणि मग एडीएचडीचे निदान केले. पुढे दर आठवड्याला उपचारासाठी यावे असे ठरले. हिशेब मांडला तर तिघांचे एस. टी. भाडे, आमची अख्ख्या दिवसाची रजा आणि मुलाची बुडणारी शाळा, असा खर्च दर आठवड्याला. महिन्याभरातच ते जमेनासे झाले. तेव्हा तेथील मानसतज्ज्ञ मॅडमनी दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओवरून भेटण्याची सूचना केली.

पहिल्या मंगळवारी आम्ही मुलाला मोबाईलसमोर बसविले, मॅडमना नमस्कार केला आणि दुसऱ्या खोलीत टीव्ही पाहत बसलो. आता मॅडम पाहतील काय ते, अशी आमची समजूत. दहा मिनिटांत मुलाने मोबाईलचा तोंडवळा छताच्या पंख्याकडे केला आणि तो अंगणात पळाला. मॅडम पंखा पाहत राहिल्या. आम्ही ओशाळलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्याला नका बसवू. तुम्ही दोघे बसा. पहिले चार तास तुमचेच आहेत." आमच्या मुलाचा उपचार खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

पालक म्हणून आम्ही काय शिकलो ?

(१) एका वेळी एकच सूचना द्यावी. 'दप्तर भर, चपला जागेवर ठेव, हातपाय धू आणि अभ्यासाला बस' यातील पहिलेच मुलाच्या ध्यानात राहते. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एक वाक्य बोलावे. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेली सूचना वाया जाते.

(२) कौतुक नेमके व ताबडतोब करावे. 'शहाणा आहेस' असे म्हणण्याऐवजी 'तू हाक मारल्याबरोबर आलास, फार बरे वाटले' असे म्हणावे. आम्ही दिवसाकाठी मुलाला किती वेळा रागावतो व किती वेळा कौतुक करतो, हे मॅडमनी एक आठवडा कागदावर लिहावयास सांगितले. तो कागद पाहून आम्हांलाच लाज वाटली.

(३) अभ्यासाचे तुकडे करावेत. दहा मिनिटे अभ्यास, तीन मिनिटे उठून फिरणे, पुन्हा दहा मिनिटे. 'थोडा वेळ' म्हणजे किती हे या मुलांना कळत नाही. म्हणून समोर घड्याळ ठेवून काटा दाखवावा.

(४) बदलाची पूर्वसूचना द्यावी. खेळ एकदम बंद केल्यास भांडण होते. 'आणखी पाच मिनिटे' असे आधी सांगितल्यास पुष्कळदा टळते.

(५) लहानसहान खोड्यांकडे दुर्लक्ष करावे. मारामारी वा अंगाला इजा होईल अशा वागण्यालाच थांबवावे आणि त्याचा परिणाम आधी ठरलेला असावा.

(६) चांगल्या कामाला गुण द्यावेत. या पद्धतीत ठरलेल्या कामाबद्दल मुलाला चांदणी किंवा गुण मिळतो आणि गुण साठले की आवडीची गोष्ट मिळते. आम्ही बँकेतील माणसे. आम्ही त्याला चक्क पासबुक करून दिले. दात घासले, दोन गुण जमा. गृहपाठाची वही दाखविली, पाच गुण जमा. पन्नास गुणांना आईबरोबर सायकलवर तळ्यापर्यंत फेरी. मुलाला ते फार आवडले. मात्र सवयीप्रमाणे आम्ही पासबुकात नावेची बाजूही आखली आणि चूक झाली की गुण वजा करू लागलो. एका आठवड्यात खाते उणे झाले आणि मुलाने पासबुक फाडून टाकले. मॅडमना फाटके पासबुक कॅमेऱ्यासमोर धरून दाखविले. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला फक्त जमा. त्याचे खाते आजवर सगळीकडे उणेच आहे." दुसरे पासबुक एकाच रकान्याचे केले. ते वर्षभर चालले.

व्हिडिओचा एक फायदा असा की, तज्ज्ञांना आपले घर दिसते. आमचा मुलगा टीव्हीसमोरच्या टेबलावर अभ्यासाला बसतो, हे दवाखान्यात त्यांना कधीच समजले नसते. टेबल भिंतीकडे वळविण्याची सूचना पहिल्याच महिन्यात मिळाली. मुलाच्या आजीलाही पडद्यासमोर बसविता आले. 'याचा बापही असाच होता, मारूनच सरळ झाला,' असे तिचे म्हणणे होते. मॅडमनी तिचे सर्व ऐकून घेतले आणि मग तिलाच रोज संध्याकाळी दहा मिनिटे नातवाबरोबर, त्याच्या आवडीचा खेळ, काहीही न शिकविता खेळण्याचे काम दिले. आजीने ते काम कधी चुकविले नाही.

सर्व काही सुरळीत झाले असे नाही. पावसाळ्यात नेटवर्क जाई. दोन खोल्यांच्या घरात शेजारच्यांना सगळे ऐकू जाई, म्हणून कानात इयरफोन घालून बोलावे लागे. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधही सुरू करावे लागले व त्यासाठी नागपूरला जावेच लागते. मुलगा आज माध्यमिक शाळेत आहे, दुसऱ्या शाळेत. त्याचा पहिला नंबर येत नाही. डबा अजूनही विसरतो. परंतु वीस मिनिटे स्वस्थ बसून अभ्यास करतो आणि आपण वाईट आहोत का, असे विचारीत नाही.

ऑनलाईन उपचार कोठे उपयोगी, कोठे अपुरा ?

पालकांचे प्रशिक्षण, शिक्षकांशी चर्चा, मोठ्या मुलांचे समुपदेशन आणि अध्ययन अक्षमतेसाठी वाचन-लेखनाचा सराव या गोष्टी पडद्यावरून चांगल्या होऊ शकतात. किशोरवयीन मुले, विशेषतः अनोळखी ठिकाणी जाण्यास घाबरणारी, स्वतःच्या खोलीतून अधिक मोकळेपणे बोलतात. स्वमग्न मुलांच्या पालकांनाही अशा प्रकारे शिकविता येते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा पालकांसाठी नऊ गटसभा व तीन गृहभेटी असलेला प्रशिक्षणक्रम तयार केला आहे. त्याचा रोखही घरच्या रोजच्या कामांतून व खेळातून मुलाला शिकविण्यावर आहे.

पुढील बाबतींत मात्र प्रत्यक्ष गेलेच पाहिजे.

(१) पहिली तपासणी व निदान. ऐकू कमी येणारे किंवा फिट्स येणारे मूलही लक्ष देत नाही असे दिसते. ते पडद्यावरून कळणे कठीण असते.

(२) झोका, तोल, हातांची पकड यांवर काम करणारी ऑक्युपेशनल थेरपी. तेथे तज्ज्ञांचा हात मुलाला लागावा लागतो.

(३) औषध. एडीएचडीसाठी वापरले जाणारे मिथिलफेनिडेट हे औषध आपल्या देशात शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे. २०२० च्या नियमांनुसार त्या यादीतील औषधे दूरसल्ल्यावरून लिहून देता येत नाहीत. असे औषध व्हॉट्सॲपवर लिहून देतो असे कोणी म्हणाल्यास सावध व्हावे.

(४) मूल स्वतःला इजा करून घेत असेल किंवा जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर मंगळवारची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

फसवणुकीपासून सावध

मागणी वाढली की बाजारही वाढतो. 'तीन महिन्यांत एडीएचडी मुळापासून बरा' अशा जाहिराती मोबाईलवर येतात. त्यांना भुलू नये. मानसतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ वा विशेष शिक्षक यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. कर्ज देताना आपण कागद पाहतोच की नाही ? वर्षभराची फी एकदम भरू नये. मूल अल्पवयीन असल्याने डॉक्टरांच्या दूरसल्ल्याच्या वेळी मोठ्या माणसाची उपस्थिती नियमानुसारच आवश्यक आहे. 'पालकांची गरज नाही' असे सांगणाऱ्याकडे पाठ फिरवावी. मुलाचे चित्रण कोण साठवितो व ते कोठे जाते, हेही विचारावे.

खेळांविषयीही प्रश्न येतो. एडीएचडीच्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेल्या एका व्हिडिओ-खेळाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये मान्यता दिली. परंतु तोही इतर उपचारांच्या जोडीने वापरावयाचा आहे. आपल्या मुलांच्या हातातील साधे खेळ त्या प्रकारचे नव्हेत. उपचाराच्या नावाखाली मुलाच्या हाती दोन तास मोबाईल देणे म्हणजे उपचार नव्हे.

शासकीय सोयी

(१) टेली-मानस ही केंद्र शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. कोठे जावे हे कळत नसेल तर येथून सुरुवात करावी.

(२) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत या कार्यक्रमाची पथके येतात आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतात. त्यांच्या यादीत एडीएचडी, स्वमग्नता व अध्ययनातील अडचणी यांचाही समावेश आहे. पथक आले असता शिक्षकांनी अशा मुलांना आवर्जून पुढे करावे. पुढील तपासणीसाठी मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

(३) दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता दिल्या आहेत. त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, परंतु एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे केवळ एडीएचडी असलेल्या मुलाला दिव्यांगतेचे प्रमाणपत्र मिळण्यात अडचण येते. अध्ययन अक्षमताही असेल तर तिची रीतसर तपासणी करून घ्यावी. तिचे प्रमाणपत्र असणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. ही तपासणी नववीत न धावता प्राथमिक शाळेतच व्हावी.

आपण काय करू शकतो ?

दरवर्षी मंडळातर्फे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. तो झालाच पाहिजे. परंतु त्या सभागृहात आईच्या पदराशी चुळबूळ करणारे एखादे मूल असते, ज्याला लोक वळून वळून पाहतात आणि ज्याची आई मान खाली घालून बाहेर निघून जाते. आमच्या घरच्यांनी दोन वर्षे असे केले आहे. अशा मुलांसाठी मंडळास तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, मंडळाच्या वाचनालयाची खोली आठवड्यातील दोन संध्याकाळी अशा पालकांना मिळावी. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली नाही, त्यांना तज्ज्ञांशी बोलण्यासाठी एक बंद होणारे दार आणि बरे नेटवर्क एवढेच हवे असते. दुसरी, महिन्यातून एकदा अशा पालकांनी एकत्र बसावे. आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे समजल्यानेही धीर येतो. तिसरी सूचना महाविद्यालयीन विद्यार्थी मित्रांना. ज्या आईला व्हिडिओ-कॉल लावता येत नाही, तिला तो लावून द्यावा आणि मग खोलीबाहेर जावे. तिचे बोलणे खासगी आहे.

पालकांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. मोबाईलचा पडदा दूरच्या तज्ज्ञांना आपल्या घरात आणतो, हा त्याचा मोठा उपकार आहे. पण ते जे सांगतात ते सकाळी दात घासताना, दुपारी जेवताना आणि रात्री झोपताना आपणच करावयाचे असते. तेव्हा मुलाला पडद्यासमोर बसवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. त्याच्या शेजारी खुर्ची घ्या आणि बसा. आमच्या हातून जी दोन-तीन वर्षे वाया गेली, ती आपल्यापैकी कोणाच्या मुलाची जाऊ नयेत.